आईच्या गालात करंट लागल्यासारखी कळ येते, दाढ काढली तरी थांबत नाहीये. नागपुरात कोणाला दाखवू?

मुक्ता_मानेवाडा

नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण प्लीज पूर्ण वाचा. माझी आई ६१ वर्षांची आहे. दिवाळीनंतर तिच्या उजव्या गालात, नाकाच्या बाजूपासून वरच्या दाढांपर्यंत अशी कळ यायला लागली की ती बोलता बोलता एकदम थांबते, डोळे घट्ट मिटून घेते, हात गालाजवळ नेते पण गालाला लावत नाही, तसाच हवेत धरून बसते. काही सेकंदांचा खेळ असतो, मग एकदम नॉर्मल, आणि थोड्या वेळाने परत तेच.

आधी वाटलं दातच असेल. डेंटिस्टकडे गेलो, एक्सरे काढला, त्यात खास काही नव्हतं तरी रूट कॅनल झालं, फरक नाही पडला म्हणून मग ती दाढच काढली, आणि आता म्हणतात बाजूचीही काढून बघू. आई तयार आहे, म्हणते सगळे दात काढा पण हे थांबवा.

दात घासणं जवळपास बंद झालंय, चूळ भरायची भीती वाटते, पदर गालाला लागला तरी कळ येते. भाकरी सोडून दिली, वरण-भात पातळ करून डाव्या बाजूने कसाबसा गिळते, वजन दिसण्याइतकं कमी झालंय. आणि आता एप्रिल, कूलर लावल्याशिवाय घरात बसवत नाही, पण कूलरची हवा तोंडावर आली की लगेच सुरू होतं, म्हणून आई दुपारी कूलर बंद करून आतल्या खोलीत पडून असते. साध्या पेनकिलरने काडीचा फरक पडत नाही.

आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नसेचं दुखणं असेल म्हणून टेग्रेटॉल लिहून दिली होती. त्याने दुखणं कमी वाटत होतं पण खूप झोप आणि चक्कर, त्यामुळे आईनं स्वतःच बंद केली. शेजारच्या काकू म्हणतात ही लकव्याची सुरुवात आहे. मला तर काहीच सुचेनासं झालंय. दुसरी दाढ काढायची का? आणि दाखवायचं कोणाला?

गजानन_वाडी

ताई पहिले तर ते दुसरी दाढ काढू देऊ नका. जे तुम्ही लिहिलं ते वाचून अंगावर काटा आला, मले हेच आहे, डाव्या बाजूनं. ट्रायजेमिनल न्यूराल्जिया म्हणतात त्याले. सलमान खानले झाला होता ना, तोच, त्यानं २०११ मध्ये अमेरिकेत जाऊन इलाज केला होता.

दुखणं कसं असते हे ज्याले झालं त्यालेच समजते. घरचे म्हणत इतकं काय ओरडता, काहून की बाहेरून काहीच दिसत नाही ना, सूज नाही, लाली नाही, काहीच नाही. म्हणून सांगतो, आईले म्हणा की आम्हाले समजते तुले किती दुखून राह्यलं ते, एवढं ऐकलं तरी माणसाले धीर येते. मी मधात इतका खचलो होतो की नको नको ते विचार येत होते डोक्यात. आई जर गप्प गप्प राहायला लागली, जगून काय करू असं काही बोलली, तर हलक्यात घेऊ नका, डॉक्टरले तेही सांगा.

टेग्रेटॉलनं कमी वाटत होतं म्हणता ना, ही तर चांगली गोष्ट आहे. मलेही सुरुवातीले भिंत धरून चालावं लागे. मग न्यूरोवाल्या डॉक्टरनं एकदम कमी डोसपासून सुरू केलं, रात्रीची गोळी आधी, मग हळूहळू वाढवलं, अन् शरीराले सवय झाली. आपल्या मनानं बंद-चालू करू नका.

बाकी घरात काय करता येते ते सांगतो. कूलर बंद नका करू बापा, नागपूरचा उन्हाळा आहे, म्हाताऱ्या माणसाले लू लागन. कूलरचं तोंड भिंतीकडं फिरवा, हवा भिंतीवर आदळून खोलीत पसरते, थेट तोंडावर येत नाही. तोंड धुवायले कोमट पाणी अन् मऊ कापड. ब्रश लहान पोरांचा घ्या, मऊ दात्यांचा. गोळी कवा चढते ते पाहून जेवणाची वेळ ठेवा, मी गोळीनंतर तासाभरानं जेवतो, तेव्हा चावता येते. थंडीत मी गाडीवर दुपट्टा बांधल्याशिवाय निघतच नाही, डिसेंबरची हवा गालाले लागली की संपलं.

दंतवैद्य_विदर्भ

मी स्वतः डेंटिस्ट आहे, म्हणून यावर लिहिणं मला गरजेचं वाटतं. मुक्ताताई, तुमच्या आईला तपासलेलं नाही त्यामुळे निदान मी इथे करणार नाही, पण तुम्ही केलेलं वर्णन दातापेक्षा नसेकडे जास्त बोट दाखवतं. एक्सरेत कारण दिसत नसताना आणखी एक दाढ काढायला मी तरी थांबा म्हणेन.

हे असं का होतं ते सांगतो. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस असते, तिला तीन फांद्या. वरची कपाळ आणि डोळ्याकडे, मधली गाल, नाकाची बाजू आणि वरचे दात, खालची खालचा जबडा आणि खालचे दात. म्हणजे दातांची नस आणि गालाची नस ही एकाच झाडाची. बिघाड पार आत, नस मेंदूतून निघते तिथे असला तरी पेशंटला तो वरच्या दाढेतच वाटतो, आणि तो अगदी खरं सांगत असतो की दाढ दुखतेय. म्हणून जगभर या आजाराच्या कितीतरी लोकांचे चांगले दात निघालेले असतात.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. दाताचं दुखणं ठणकतं, गरम-थंड लागल्यावर बराच वेळ रेंगाळतं, रात्री झोपेतून उठवतं. नसेची कळ सेकंदात येते, जास्तीत जास्त दोन मिनिटं, मधल्या वेळात काही नाही, आणि जोरात दाबल्यापेक्षा हलक्या स्पर्शाने जास्त येते. वारा, पदर, ब्रश, बोलणं, चावणं. हात गालाजवळ नेऊन लावत नाही असं तुम्ही लिहिलंय ना, दाताचा पेशंट उलट गाल दाबून धरून येतो. अपवाद म्हणजे दाढेला बारीक चीर गेली असेल तर चावताना अशीच तीव्र कळ येते, ती एक्सरेत सुटू शकते, त्यामुळे शंका असेल तर दुसऱ्या डेंटिस्टकडून एकदा फक्त तपासून घ्या, काढायचं काही नाही.

आता लकव्याचं. तोंड वाकडं होतं ते सातव्या नसेमुळे, ती चेहऱ्याचे स्नायू हलवते. हे दुखणं पाचव्या नसेचं. दोन्ही वेगळ्या नसा, त्यामुळे ही लकव्याची सुरुवात नाही, काकूंना सांगा.

बहुतेक पेशंटमध्ये कारण असं असतं की नस मेंदूतून निघते तिथे एखादी रक्तवाहिनी, बहुतेक वेळा सुपिरिअर सेरेबेलर नावाची धमनी, तिला चिकटलेली असते. वर्षानुवर्षं तिथे ठोके बसून नसेवरचं आवरण झिजतं, आणि वायरचं प्लास्टिक निघाल्यावर जसं शॉर्ट होतं तसं साध्या स्पर्शाचा सिग्नल दुखण्याच्या सिग्नलमध्ये उडी मारतो. म्हणूनच साधी पेनकिलर चालत नाही, आणि फिटची म्हणून ओळखली जाणारी गोळी चालते, कारण ती नसेचं अति पेटणं कमी करते. कार्बामाझेपिन, म्हणजे तुमची टेग्रेटॉलच, या दुखण्यावर १९६२ पासून वापरलं जातंय आणि आजही पहिलं औषध तेच आहे.

थोड्या लोकांमध्ये कारण गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब करणारा आजार) असतं, त्यामुळे एमआरआय एकदा करायचाच. पेशंट चाळिशीच्या आतला असेल, दुखणं दोन्ही बाजूंना असेल, गाल बधिर वाटत असेल, त्या कानाने कमी ऐकू येत असेल तर अजिबात टाळू नका. गालावर किंवा कपाळावर आधी नागीण येऊन गेली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यानंतरचं दुखणं वेगळं असतं, ते सतत जळजळतं.

आणि एक गोष्ट वेगळी लिहितो. पन्नाशीच्या पुढच्या माणसाचं कानशील दुखत असेल, चावताना जबडा थकत असेल आणि नजर अंधूक होत असेल तर ते या आजाराचं नाही, रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि डोळा जाऊ शकतो. त्यासाठी अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

अमोल_महाल

वरती सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त ऑपरेशनबद्दल सांगतो कारण बाबांचं झालंय. बाबांना गोळ्यांनी काही वर्षं छान गेली, मग डोस वाढत वाढत अशा जागी आला की गोळी घेतली की दिवसभर पेंगायचे आणि नाही घेतली की ओरडायचे. न्यूरोलॉजिस्टनी मधे कार्बामाझेपिनचाच भाऊ ऑक्सकार्बाझेपिन देऊन बघितलं, बॅक्लोफेन जोडून बघितलं, शेवटी न्यूरोसर्जनकडे पाठवलं.

त्या ऑपरेशनला एमव्हीडी म्हणतात. कानाच्या मागे कवटीला छोटं छिद्र करून आत जातात, नसेला चिकटलेली धमनी बाजूला करतात आणि मधे टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा ठेवतात. नस कापत नाहीत, त्यामुळे चेहरा बहुतेक बधिर होत नाही. धमनी नसेला दाबते हे वॉल्टर डँडी नावाच्या सर्जनने १९३० च्या दशकातच पाहिलं होतं, आणि पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात मायक्रोस्कोपखाली हे ऑपरेशन बसवलं. १० वर्षांनंतरही साधारण ७० टक्के लोक गोळीशिवाय दुखण्यापासून मोकळे असतात असं डॉक्टरांनी सांगितलं, सोबत धोकेही सांगितले, त्या कानाचं ऐकणं जाऊ शकतं, मेंदूभोवतीचं पाणी झिरपू शकतं, फार क्वचित स्ट्रोक, शेवटी मेंदूजवळचं ऑपरेशन आहे. बाबा शुद्धीवर आल्यावर पहिलं काम काय केलं तर गालावरून हात फिरवला, परत परत फिरवत राहिले, आई बघतच बसली.

ज्यांना एवढं मोठं ऑपरेशन झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून करायचे उपाय आहेत, आरएफ म्हणजे नस थोडी भाजणं, फुग्याने दाबणं, ग्लिसरॉल टोचणं. आराम लगेच मिळतो पण गाल थोडा बधिर होतो आणि काही वर्षांनी दुखणं परत येऊ शकतं. गॅमा नाइफमध्ये नसेवर बाहेरून किरण सोडतात, कापाकापी नाही, फक्त फरक पडायला आठवडे-महिने लागतात. पण मुक्ताताई, हे सगळं नंतरचं, आधी गोळी नीट सेट होऊ द्या, बऱ्याच लोकांचं तेवढ्यावर भागतं.

दाखवायचं तर न्यूरोलॉजिस्टला. मेडिकलचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं, सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल तुम्हाला मानेवाड्याहून जवळ पडेल, तिथे न्यूरोलॉजी आणि न्यूरोसर्जरी दोन्ही आहेत, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. प्रायव्हेट दाखवायचं असेल तर रामदासपेठ-धंतोलीत न्यूरोवाले भरपूर आहेत. एमआरआय लिहून देतील तेव्हा पाचव्या नसेसाठीचा बारीक कापांचा एमआरआय असं चिठ्ठीवर आहे ना बघून घ्या, साध्या एमआरआयमध्ये ती धमनी कधीकधी दिसतच नाही. पुढे ऑपरेशन निघालंच तर हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड घेऊन जा आणि महात्मा फुले योजनेबद्दल विचारा.

मुक्ता_मानेवाडा

सगळ्यांचे मनापासून आभार, गजाननकाका तुमचं आईला वाचून दाखवलं, ती रडली आणि म्हणाली बघ, मी खोटं नव्हते बोलत. कूलर भिंतीकडे फिरवलाय, आज दुपारी झोपली.

न्यूरोलॉजिस्टला दाखवून आलो. तेच आहे म्हणाले. दाढ काढायची नाही. टेग्रेटॉल १०० रात्री एक, मग सकाळ-संध्याकाळ, मग बघून वाढवायची. एमआरआयची तारीख मिळालीय. रक्त पण तपासायला सांगितलंय, सोडियम वगैरे. आईला बीपीची गोळी चालू आहे आणि ती मीठ अगदी कमी खाते, ते मात्र सांगायचं राहिलं. त्याने काही होतं का?

फार्मसिस्ट_गोकुळपेठ

होतं, आणि हे उद्याच फोन करून सांगा. कार्बामाझेपिनने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, वय झालेल्या बायकांमध्ये जास्त. बीपीच्या गोळीच्या पाकिटावर नावापुढे एच लिहिलंय का बघा, एच असेल तर त्यात लघवीवाटे पाणी काढणारं औषध असतं आणि त्यानेही सोडियम उतरतं, दोन्ही मिळून जास्त उतरतं. अम्लोडिपिन असेल तर वेगळा मुद्दा, या गोळीमुळे त्याचा असर कमी होतो आणि बीपी वाढू शकतं, घरी मशीन असेल तर रोज मोजून लिहून ठेवा. बीपीची गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, मीठही आपल्या मनाने वाढवायचं नाही, रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील.

आई गोंधळल्यासारखी बोलायला लागली, खूप मळमळ, डोकं जड, चालताना तोल जायला लागला तर सोडियम त्याच दिवशी तपासा, गोळीची गुंगी म्हणून सोडून देऊ नका.

पहिले दोन-तीन महिने अंगावर लक्ष ठेवा. लाल पुरळ, तोंडात फोड, ताप, डोळे लाल, यातलं काही दिसलं की पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांकडे. ही रिअ‍ॅक्शन क्वचित येते पण आली तर जीवावरची असते. काही लोकांमध्ये तिचा धोका जन्मतःच जास्त असतो, त्यासाठी एचएलए-बी १५०२ नावाची रक्ततपासणी असते, करायची का ते न्यूरोलॉजिस्टला विचारा. आणि सगळं ठीक चाललं तर गोळी संपायच्या आधीच पुढची पत्ती आणून ठेवा, रविवारी रात्री संपली आणि दुकान बंद असं होऊ देऊ नका, ही गोळी एकदम तुटली की दुखणं दुप्पट उसळतं.