पुटीने जुन्या किल्ल्या सक्तीने बंद करायला हव्या होत्या का?

सर्व्हरवाला:
पुटी म्हणजे विंडोजवरून दूरच्या सर्व्हरमध्ये शिरायचा प्रोग्राम. एप्रिल २०२४ मध्ये पुटीची ०.८१ आवृत्ती आली. त्याआधी, ०.६८ पासून ०.८० पर्यंत, पी-५२१ प्रकारच्या किल्लीने केलेली प्रत्येक सही (किल्ली आपल्याकडे आहे हे पटवणारा डिजिटल पुरावा) कच्ची होती. प्रत्येक सहीला नवा गुप्त आकडा लागतो, ५२१ बिटांचा. पुटी तो एसएचए-५१२ या ५१२ बिटांचंच उत्तर देणाऱ्या सूत्रातून काढायचं, म्हणून वरचे ९ बिट कायम शून्य. जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की अशा साठेक सह्या मिळाल्या की खाजगी किल्लीच काढता येते. आता नव्या सह्या नीट होतात, पण जुन्या ज्याच्याकडे पडून आहेत त्याचं काय? ०.८१ ने पी-५२१ किल्ली उघडायलाच नकार द्यायला हवा होता.

रात्रपाळी:
आणि रात्री दोनला सर्व्हर पडला, आत शिरायला तेवढी एकच किल्ली असली, की कुणाला उठवायचं? दोष किल्ली बनवण्यात नव्हता, सही करण्यात होता. जी पी-५२१ किल्ली फक्त ओपनएसएसएच या दुसऱ्या प्रोग्रामने वापरली ती ठणठणीत आहे. पुटीला फरक कळणार कसा? शिवाय सही एन्क्रिप्टेड जोडणीच्या आतून जाते, वाटेत कान लावून मिळत नाही. मिळते ती सर्व्हरला. तोच चोराच्या हाती गेला असेल तर राहिलं काय?

सर्व्हरवाला:
बाकीचे सर्व्हर! आपल्याकडे एकच किल्ली सगळीकडे लावतात, माहीत नाही का?

मीनल_ठाणे:
कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटचं विसरलात. पेजंट या पुटीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या जोडीदार प्रोग्राममधून सही केलेले सार्वजनिक कमिट, म्हणजे गिटमधल्या नोंदी, चव्हाट्यावरच आहेत, काही फोडायची गरज नाही. फाइलझिला, विनएससीपी, टॉर्टॉइजगिट या प्रोग्रामांतही हाच दोष होता. आपण पुटीचा कोड वापरतोय हे कित्येकांच्या गावीही नसतं. पण पुटीच्या लेखकाला झोडपू नका. गुप्त आकडा काढायची ती पद्धत २००१ ची, विंडोजवर भरवशाचे यादृच्छिक आकडे मिळत नव्हते तेव्हाची. असा आकडा नीट कसा काढायचा हे सांगणारं प्रमाणपत्रक, आरएफसी ६९७९, आलं २०१३ मध्ये.

रात्रपाळी:
कमिटचं मान्य. तरी नकाराने काय साधणार? चोर थोडाच पुटी वापरणार आहे? ऑथराइज्ड कीज या सर्व्हरवरच्या परवानगीच्या यादीत जुन्या किल्लीची ओळ आहे तोवर सर्व्हर त्याला आत घेणारच.

सर्व्हरवाला:
म्हणूनच तर! किल्ली चालेनाशी झाल्याशिवाय ती ओळ कुणी काढत नाही. इशारे वाचतंय कोण?

रात्रपाळी:
एड२५५१९ या दुसऱ्या प्रकारची नवी किल्ली पाच मिनिटांत होते. जुनी ओळ कुठकुठल्या मशीनवर आहे ते शोधायला आठवडा जातो, आणि तेवढे दिवस आत शिरायला तीच किल्ली लागते.