धाकट्या भावाची सिगरेट सुटत नाहीये, काय करू?

मुक्ता०७:
भाऊ १९ वर्षांचा आहे. कॉलेजला गेल्यापासून सिगरेट सुरू झाली, आधी म्हणे फक्त मित्रांबरोबर, आता उठल्या उठल्या गच्चीवर पळतो आणि परफ्यूम मारून खाली येतो, म्हणजे आम्हाला काही कळतच नाही जणू! घरात कोणीच ओढत नाही. पाकिटावर एवढे भयानक फोटो असतात तरी ही पोरं सुरू का करतात? सोडतो म्हणतो पण दोन दिवसांत अंगावर येतो सगळ्यांच्या, मग "टेन्शन आहे, एकच". आईचं रडून झालं, बाबांचं ओरडून झालं.

जुनाखोकला:
फोटोंनी काही होत नाही या वयात, कॅन्सर बिन्सर म्हाताऱ्यांना होतो असंच वाटतं. सुरुवात सिगरेटसाठी होतच नाही ओ, चार जणांत उभं राहायचं तर हातात काहीतरी हवं असतं. पहिला झुरका कोणालाच आवडत नाही, ठसका लागतो, डोळ्यात पाणी येतं, मेन्थॉलवाल्या त्यासाठीच, घसा गार पडतो आणि नवशिक्याला सोपं जातं. पण निकोटिन १०-२० सेकंदात मेंदूत पोचतं आणि मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून या वयात पकड लवकर बसते.

निवांत_माणूस:
सगळी नाटकं आहेत. मनावर घेतलं तर आज सुटेल.

रात्रपाळी:
@निवांत_माणूस मनावर घेऊन सुटत असती तर एवढे लोक परत परत लागले नसते. ते टेन्शनचं नीट बघा. रक्तातलं निकोटिन साधारण २ तासांत निम्म्यावर येतं, मग बेचैनी, चिडचिड, लक्ष लागत नाही, सिगरेट ओढली की तेवढ्यापुरतं थांबतं आणि माणसाला वाटतं हिनेच टेन्शन घालवलं, अरे तिनेच आणलेलं ते! सोडल्यावर पहिले २-३ दिवस सगळ्यात वाईट, नंतर काही आठवड्यांत उतरतं. तो नेमका सगळ्यात वाईट दिवशी हार मानतोय. त्या दिवसांत त्याच्याशी वाद घालू नका, लेक्चर तर अजिबात नको. तलफ आली की काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ काढायला सोबत करा. आणि निकोटिनचा गम ट्राय केलाय का?

मुक्ता०७:
आणला होता, २ मिग्रॅ. उचक्या लागतात, पोटात कसंतरी होतं म्हणून फेकून दिला.

रात्रपाळी:
साध्या च्युइंगमसारखा कचाकचा चावला असणार. हळू चावायचा, जिभेला झिणझिणलं की थांबायचं, गालात दाबून ठेवायचा, चव गेली की परत थोडा चावायचा, असा अर्धा तास. आधी १५ मिनिटं चहा-कॉफी नाही, नाहीतर निकोटिन नीट शोषलंच जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली ओढणाऱ्याला सहसा ४ मिग्रॅचा लागतो, २ कमी पडतो. डॉक्टरांना विचारून पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी) आणि गम दोन्ही चालतं, तलफ कमी करणाऱ्या व्हॅरेनिक्लिनच्या गोळ्याही असतात पण त्या चिठ्ठीशिवाय नाही.

जुनाखोकला:
आणि सोडल्यावर कॉफी निम्मी करायला सांगा. धुरामुळे कॅफिन शरीरातून लवकर जातं, सिगरेट थांबली की तेवढीच कॉफी जास्त चढते, झोप उडते, हात थरथरतात, आणि पोरगं समजतं सिगरेट सोडल्यामुळेच झालं.