मदत हवी आहे: पेज टाइमला कृष्णविवर मोठंच असतं, मग हॉकिंगचं गणित चुकतं कुठे?

नमस्कार मंडळी,

भौतिकशास्त्रात एमएस्सी झालंय, सापेक्षता माझी मीच वाचतोय. कृष्णविवरातून प्रारण निघतं हे दाखवणारा हॉकिंगचा १९७५चा निबंध बऱ्यापैकी उमगला. गाडी अडली आहे ती माहितीच्या कोड्यापाशी: विवर असं प्रारण सोडत आटून गेलं की त्यात पडलेल्याची माहिती टिकते की नष्ट होते?

लोकप्रिय लेखांत असतं की विवर आटत आटत प्लांक लांबीएवढं (क्वांटम गुरुत्व जिथे लागू पडतं त्या अतिसूक्ष्म मापाएवढं) झालं की क्वांटम गुरुत्व काय ते निस्तरेल. पण डॉन पेज यांच्या १९९३च्या हिशेबाने, माहिती टिकायची तर बाहेर पडलेल्या प्रारणाची एन्ट्रॉपी (विवराशी त्याचं क्वांटम गुंतणं, म्हणजे एंटँगलमेंट, किती याचं माप) त्याच्या कितीतरी आधी उतरू लागायला हवी. तो क्षण म्हणजे पेज टाइम, आणि एन्ट्रॉपीच्या या चढ-उताराचा आलेख म्हणजे पेज वक्र. सूर्याएवढ्या वस्तुमानाचं विवर घ्या: त्रिज्या सुमारे ३ किमी. विवराची एन्ट्रॉपी त्याच्या क्षितिजाच्या (जिच्या आतून काही बाहेर येत नाही त्या सीमेच्या) क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, त्यामुळे साधारण पेज टाइमला ती निम्मी झाली तरी त्रिज्या २ किमीच्या वरच राहते. प्लांक लांबीच्या मानाने तिथली वक्रता नगण्य. मग हॉकिंगच्या अर्ध-अभिजात गणिताने (पदार्थ क्वांटम, पण अवकाशकाल अभिजात) तिथे दगा द्यावाच का?

नेहमीचं उत्तर असं की जळत्या कागदाच्या उजेडातही माहिती अशीच, फोटॉनांमधल्या अतिसूक्ष्म संबंधांत विखुरलेली असते. हे मला पटत नाही. कागदातून निघणारा फोटॉन त्यातल्या अणूंशी गुंतलेला असतो. क्षितिजापाशी मात्र कणांची जोडी निर्वातातूनच येते आणि बाहेरचा क्वांटा आतल्या जोडीदाराशी गुंतलेला असतो. प्रत्येक जोडीत बारीक दुरुस्ती केली तरी एकूण एंटँगलमेंट वाढतच राहतं, हे समीर माथुर यांनी २००९ मध्ये दाखवलं. मला तरी त्यात फट दिसत नाही. २०१२चा फायरवॉलचा युक्तिवादही (माहिती टिकायची तर क्षितिज गुळगुळीत न राहता तिथे ऊर्जेची भिंत असावी) याच वाटेने जातो.

आणि तरीही २०१९ मध्ये पेनिंग्टन यांनी, तसंच अल्महेरी, एंगेलहार्ट, मरोल्फ आणि मॅक्सफील्ड यांनी, क्षितिज गुळगुळीत ठेवून पेज वक्र काढला! पुढे आलेल्या आयलंड सूत्रात तर विवराच्या आतला भाग बाहेरच्या प्रारणाच्या खात्यात धरतात. मग माथुर यांचं नेमकं कोणतं गृहीतक मोडलं? आतला जोडीदार हा स्वतंत्र घटक नव्हताच, असं समजायचं का?

याला जोडूनच दुसरं. बंगळुरूच्या आयसीटीएस या संशोधन संस्थेतले सुव्रत राजू आणि सहकारी म्हणतात की गुरुत्व असताना आत आणि बाहेर अशी वाटणीच करता येत नाही, माहिती कायम बाहेर उपलब्ध असते. तसं असेल तर सपाट अवकाशातल्या विवराला पेज वक्राची अपेक्षा तरी का ठेवायची?

पाथ इंटिग्रल येतो, रेप्लिका वर्महोल (एन्ट्रॉपीच्या हिशेबात विवराच्या प्रतींना एकमेकींशी जोडणाऱ्या भूमिती) अजून झेपत नाहीत. चार-पाच क्युबिटचं (दोन अवस्थांच्या साध्या क्वांटम घटकांचं) प्रारूप घेऊन कुणी पहिला प्रश्न सोडवून दाखवला तर फार उपकार होतील. चांगली व्याख्यानमाला माहीत असेल तर तीही सुचवा.