फ्रान्समधल्या द्राक्षमळ्यांतून ग्रॅव्हल सायकल, बोनच्या बाजूला कुणी फिरलंय का?

सड्यावरचा (दापोली)
नमस्कार मंडळी. भाचा दिजोंला शिकतोय, सप्टेंबरात मी आणि बायको तीन आठवडे जातोय. त्यातले पाच दिवस मला सायकलसाठी मंजूर झालेत, अटी-शर्ती लागू. दिजोंपासून खाली बोन आणि त्याच्याही खाली सांतनेपर्यंत बर्गंडीचे द्राक्षमळे आहेत, आणि 'व्हॉ दे विन्य' म्हणून मळ्यांतून जाणारा सायकल रूट आहे असं वाचलं. माझ्याकडे ग्रॅव्हल सायकल (खडीच्या, कच्च्या रस्त्यांवर चालणारी) आहे, ३८ मिलिमीटर रुंदीचे टायर, सराव म्हणजे बुरोंडी-कोळथरे-दाभोळचे चढउतार आणि आमच्या सड्यावरचे चिरेखाणीचे रस्ते. एवढ्यावर भागेल का? आणि तो रूट खरंच ग्रॅव्हल आहे की नुसतं नाव? सायकल इथून न्यावी की तिथे भाड्याने घ्यावी? बायको सायकल चालवते पण चढ दिसला की उतरते, तिच्यासाठीपण काही असेल तर सांगा.

गणपतीपुळे_ते_कुठेही
दोन वर्षांपूर्वी आठ दिवस होतो तिकडे म्हणून सांगतो. व्हॉ दे विन्य बोन ते सांतने साधारण २२ किलोमीटर, पोमार, वोलने, मर्सो, प्युलिन्यी असं गावागावातून जातो, सुंदर आहे, पण ग्रॅव्हल म्हणाल तर फारसं नाही. मळ्यात ट्रॅक्टर न्यायला शेतकऱ्यांनी केलेले काँक्रीटचे आणि डांबरी रस्ते आहेत, त्यावरच पाट्या लावून रूट केलाय. मी पहिल्या दिवशी मोठ्या उत्साहात टायरमधली हवा कमी करून गेलो आणि दिवसभर गुळगुळीत रस्त्यावर घरंगळत राहिलो.

खरी मजा वर आहे. तिथली जमीन अशी समजा, खाली सपाट मैदान, मग पूर्वेकडे तोंड करून बसलेला लांबच लांब उतार ज्यावर ती महागडी द्राक्षं, आणि उताराच्या डोक्यावर जंगल. त्या जंगलाच्या पलीकडे 'ओत-कोत' म्हणतात तो भाग, म्हणजे वरचे डोंगर, तिथे पांढऱ्या चुनखडीच्या खडीचे रस्ते, मधेच गव्हाची शेतं, गाई, आणि माणूस दिसत नाही. मी केलेला सगळ्यात भारी दिवस म्हणजे बोनहून मर्सोपर्यंत खालून, मग सें-रोमांला वर (गाव अक्षरशः कड्याखाली आहे), तिथून ला रोशपो, तिथल्या किल्ल्याचं छप्पर रंगीत कौलांचं आहे, मग नोले, सांतने आणि परत येताना दमलेल्या पायांनी तो गुळगुळीत व्हॉ दे विन्य. तेव्हा कळतं तो रूट कशासाठी आहे. वेळ असेल तर सांतनेच्या डोक्यावर तीन क्रूसांचा डोंगर आहे, ५२१ मीटर, वरून सगळं दिसतं.

सराव पुरेल हो, आपला एक कोळथऱ्याचा चढ तिकडच्या दोन चढांना भारी. पण टायर ४० च्या वर घ्या आणि ट्यूबलेस करा, चुनखडीचे तुकडे धारदार असतात, आपल्या जांभ्यासारखे गोलसर होत नाहीत. आणि पाऊस पडला तर वरच्या कच्च्या रस्त्यांना हात लावू नका. आपल्याकडे जांभ्याचा चिखल निसरडा पण पाण्याने धुऊन जातो, तिकडची माती चिकट, पिठासारखी. माझं मागचं चाक फ्रेमच्या मागच्या दांड्यांमध्ये मातीने असं जाम झालं की सायकल खांद्यावर घेऊन दीड किलोमीटर चाललो आणि काडीने माती कोरत बसलो. चूक माझीच, सकाळी ढग बघून पण निघालो.

कुडाळचो_झिल
मेल्या सायकल चालवूक जातस की वायन पिवूक, ता आधी ठरव.

सड्यावरचा (दापोली)
@कुडाळचो_झिल दोन्ही हो, म्हणून तर विचारतोय 😀 दिवसात एखाद-दोन ठिकाणी चाखून पुढे सायकल चालवली तर चालतं का तिकडे?

गणपतीपुळे_ते_कुठेही
कायदा सायकलवाल्यालाही लागू आहे, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमच्या वर गेलात तर दंड. पण चाखायला बसाल तिथे पिकदाणीसारखं भांडं ठेवलेलं असतं, घोट तोंडात फिरवून थुंकायचा, सगळेच थुंकतात. मला पहिल्यांदा फार जड गेलं, एवढं महाग कसं थुंकायचं. मग चाखणं संध्याकाळी, सायकल लावून झाल्यावर, हा नियम केला.

गुहागरची_आंबेवाली
मी सायकल चालवत नाही, मुलगा चालवतो, त्याच्यामुळे इथे वाचते. आमची कलमं आहेत म्हणून एक सांगावंसं वाटतं. सप्टेंबर म्हणजे तिकडे द्राक्षतोडणीचा टाईम ना? आमच्याकडे एप्रिलात आंबा उतरवायला माणसं झाडावर असतात, खाली क्रेट पसरलेले, गाडी लागलेली, आणि नेमके तेव्हाच पर्यटक फोटो काढायला बागेत शिरतात, गडग्यावर चढतात, एकदा तर एकाने गडग्याचे चार चिरे पाडले आणि सॉरी म्हणून निघून गेला. शिव्या देता येत नाहीत, गिऱ्हाईकपण तेच असतं. तेव्हा दादा, ओळींच्या मधून सायकल घालू नका एवढंच.

गणपतीपुळे_ते_कुठेही
ताई अगदी बरोबर बोललात, आणि गडगा म्हणालात म्हणून आठवलं, तिकडेपण मळ्यांच्या कडेला आपल्यासारखेच विनामातीचे दगडी गडगे आहेत, शेतातून निघालेला दगड रचून केलेले, ढिगांना ते 'म्युर्जे' म्हणतात, आणि मजुरांना पावसात बसायला दगडी खोपट्या. जांभ्याऐवजी पांढरा दगड, बाकी आपल्या आडिवऱ्याच्या सड्यावर असल्यासारखं वाटतं. तिथले हे तुकडे तुकडे केलेले मळे २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. व्होन-रोमानेला तो जगप्रसिद्ध रोमाने-कोंती मळा आहे, जेमतेम १.८ हेक्टर, म्हणजे साडेचार एकर, आमच्या वाडीत याहून मोठ्या काजूच्या बागा आहेत. तिथे पाटीच लावलीये की बाबांनो रस्त्यावर राहा, आत येऊ नका.

तोडणीच्या दिवसात ओळीच्या वरून दोन्ही बाजूंना पाय टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर असतात, वळणावर समोर आला की एखादा कोळी खेकडा चालत आल्यासारखा वाटतो. ते आले की बाजूला उतरून उभं राहायचं, हात करायचा, तेही करतात.

चिपळूण_पॅसेंजर
सायकल नेणार असाल तर दिजों-बोन लोकल गाडीत, त्यांच्या टीईआरमध्ये, सायकल तशीच चढवता येते, पंचवीसेक मिनिटांचा प्रवास. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे त्यांच्या वेगवान गाडीने, येणार तर मात्र आधी जागा बुक करा नाहीतर चाकं काढून बॅगेत. आपल्या कोकण रेल्वेत पार्सल ऑफिसला सायकल दिल्यावर देवाला हात जोडतो तसं करावं लागत नाही.

पाण्याचं सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. वरच्या गावांत दुकान नसतंच, असलं तर दुपारी बारा ते दोन बंद, सोमवारी तर बरेचदा दिवसभर. पाणी संपलं की गावाचं स्मशान, म्हणजे कबरस्तान शोधा, फुलांना घालायला तिथे नळ असतो. 'नॉन पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) लिहिलेलं नसेल तर भरून घ्या. पहिल्या वेळी मला फार विचित्र वाटलं, बाटली भरताना शेजारी नमस्कारच केला.

आणि सप्टेंबरात पारध सुरू होते तिकडे. जंगलातल्या रस्त्यावर 'शास आं कूर' (पारध चालू आहे) अशी पाटी दिसली की मागे फिरा, भडक रंगाचं जाकीट घालाच. आपल्याकडे डुकराची पारध पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको.

सड्यावरचा (दापोली)
स्मशानातलं पाणी 😳 बायकोला हे सांगणार नाही. तिच्यासाठी काय ते राहिलं बघा.

चिपळूण_पॅसेंजर
वहिनींसाठी जिव्री ते क्लुनी, ४४ किलोमीटर, जुनी रेल्वेलाईन उखडून केलेला रस्ता, १९९७ साली झाला, फ्रान्समधला पहिला असा. रेल्वेचाच असल्यामुळे चढ जाणवत नाही, दोन्ही बाजूंना मळे, जुनी स्टेशनं. अर्धा अर्धा दोन दिवसांत करा, तिला भाड्याची बॅटरीवाली द्या. क्लुनीच्या पुढे मासोंकडे जाताना दीड किलोमीटरच्या वर लांबीचा बोगदा आहे, थंडीत वटवाघळांसाठी बंद करतात, तुमच्या वेळेला उघडा असेल. आत गारठा असतो, स्वेटर ठेवा.

गणपतीपुळे_ते_कुठेही
आणि द्राक्षमळ्यातली खडी म्हणजे गंमत नाही हे पटत नसेल तर पॅरिस-तूर शर्यत बघा, २०१८ पासून शेवटी मळ्यांतले कच्चे रस्ते घातलेत, प्रो लोकांचे टायर फुटतात. तुमच्या ३८ च्या बाबतीत परत एकदा विचार करा.

सड्यावरचा (दापोली)
ठरलं, ४२ चे मागवतोय. पहिला दिवस खाली, तीन दिवस वर, पाऊस आला तर बोनमध्ये बसून. आणि जिव्री-क्लुनी बायकोने आताच मोबाईलवर पाहिलं, आता म्हणतेय पाचही दिवस तेच करू.