इंग्रजीतला ‘ब्लू’ मुलांना कसा समजावू?

ऐरोलीच्या_बाई

घरीच आठवी-नववीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. परवा उताऱ्यात ‘फीलिंग ब्लू’ आलं आणि तास हातातून गेला. एकजण म्हणाला, “बाई, निळा उदास कसा? 14 एप्रिलला आमची अख्खी गल्ली निळी असते, तेव्हा कोण उदास असतं?” झालं, मग पोरांनीच यादी काढली: ब्लूप्रिंट, ब्लू कॉलर, ब्लू चिप, ब्लू ब्लड, आउट ऑफ द ब्लू, वन्स इन अ ब्लू मून. भिंतीला टेकून बसणाऱ्या टोळक्यातून आणखी एक शब्द आला, तो इथे लिहीत नाही. या सगळ्यांना जोडणारं काही आहे का, की सरळ पाठ करून घेऊ?

टी_स्क्वेअर

ताई, सगळ्यांना जोडणारं सूत्र शोधू नका, हाती लागायचं नाही. त्यापेक्षा पोरांना विचारायला लावा, की यात खरोखर निळं काय होतं? बऱ्याच शब्दांचं कोडं तेवढ्यानं सुटतं.

ब्लूप्रिंटबद्दल मी बोलू शकतो, कारण उमेदीची सगळी वर्षं रबाळ्याला ड्राफ्ट्समन होतो. 1842 मध्ये जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञानं लोखंडाचे क्षार लावलेल्या कागदावर उन्हानं छाप उमटवायची रीत काढली. वर ट्रेसिंग, म्हणजे पारदर्शक कागदावर शाईनं काढलेलं ड्रॉइंग ठेवायचं. शाईच्या रेघेखाली ऊन पोचत नाही, तेवढी जागा धुतल्यावर पांढरी राहते आणि बाकी कागद गर्द निळा होतो. म्हणजे अस्सल ब्लूप्रिंट निळ्यावर पांढऱ्या रेघांची. आम्ही काढायचो ती अमोनिया प्रिंट, नेमकी उलटी: पांढऱ्यावर निळसर-जांभळ्या रेघा. मशीनमधून कागद कोमट बाहेर यायचा, वासानं डोळ्यांना धार लागायची आणि तिकडून साहेबांची हाक, “ब्लूप्रिंट झाली का?” पद्धत बदलली तरी नाव जुनंच चिकटून राहिलं. आता तर पुढारी विकासाची ब्लूप्रिंट जाहीर करतात. त्यात ब्लूही नसतं आणि बऱ्याचदा प्रिंटही.

ब्लू कॉलरही कारखान्यातलंच. तेलाचे डाग, लोखंडाची काजळी गडद निळ्यात लपते, म्हणून अमेरिकेत कामगारांचे शर्ट निळे आणि ऑफिसातल्यांचे पांढरे. आमच्या वर्कशॉपमध्ये अंगात निळी डांगरी असायची. गंमत बघा, इंग्रजीतला ‘डंगरी’ आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय, तिकडे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडामुळे. आपलंच कापड साहेबाच्या भाषेत फिरून आलं आणि आमच्या अंगावर चढलं!

बाकीचं थोडक्यात. पोकरच्या चकत्यांत पांढरी, लाल, निळी अशी चढती किंमत, म्हणून भक्कम कंपनीचा शेअर ब्लू चिप. ब्लू ब्लड स्पेनमधलं. उन्हात न राबलेल्या गोऱ्या कातडीतून शिरा निळ्या दिसतात, ते तिथल्या खानदानी घराण्यांनी मिरवलं. आउट ऑफ द ब्लू म्हणजे निरभ्र आभाळातून वीज कोसळावी तसं.

उदासीनं मात्र माझी रीत हरते. पूर्वी इंग्रजीत मन खिन्न करणाऱ्या भुतांना ‘ब्लू डेव्हिल्स’ म्हणत. पुढे भुतं गळाली, ‘ब्लूज’ उरलं. पण ती भुतं निळीच का? जहाजाचा कप्तान वारला की निळा झेंडा लावत, वगैरे कथा नेटवर फिरतात. मला त्या पटत नाहीत, पोरांना सांगू नका.

कळव्याची_सून

मार खाऊन ‘ब्लॅक अँड ब्लू’ होतात, तसे आपणही काळेनिळे होतोच की. आणि बाई जो शब्द लिहीत नाहीत, त्यातला चावटपणा इंग्रजीत निळा आणि आपल्याकडे हिरवा. आमच्या सोसायटीत एक हिरवट आजोबा आहेत, पण तो विषय वेगळा.

चेंदणीकर

वन्स इन अ ब्लू मून म्हणजे अगदी क्वचित. त्यातल्या ब्लू मूनसाठी पंचांग घ्या. इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, की दुसरीला ब्लू मून म्हणतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये 1 तारखेला अधिक श्रावणाची पौर्णिमा होती आणि 30 ला नारळी. आम्ही कोळीवाड्यातून खाडीला नारळ द्यायला निघालो होतो आणि टीव्हीवर ब्लू मून चालू होता. 2026 च्या मे महिन्यात 1 ला बुद्धपौर्णिमा, 31 ला अधिक ज्येष्ठाची. कारण एकच: बारा चांद्रमास सौरवर्षाला साधारण 11 दिवस कमी पडतात. आपण महिना वाढवतो, त्यांची पौर्णिमा जास्तीची होते. दोन्ही 19 वर्षांत साधारण 7 वेळा.

मात्र ‘दुसरी पौर्णिमा’ हा अर्थ अलीकडचा. 1946 मध्ये एका अमेरिकन खगोल मासिकात जुन्या पंचांगाचा नियम चुकीचा वाचला गेला, तिथून तो पसरला. मूळ नियमात एका ऋतूत (तिकडचा ऋतू तीन महिन्यांचा) चार पौर्णिमा आल्या तर त्यांतली तिसरी ब्लू मून. आणि चंद्र त्या रात्री निळा दिसत नाही. 1883 मध्ये क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा मात्र हवेतल्या राखेमुळे खरोखर निळा दिसला होता.

ऐरोलीच्या_बाई

हिरवट आजोबा वगळून बाकी सगळं वर्गात घेते. कालनिर्णयचं मे महिन्याचं पान मुलांनाच वाचायला देईन. काका, जुनी एखादी अमोनिया प्रिंट आहे का तुमच्याकडे?

टी_स्क्वेअर

माळ्यावर नळकांड्यात दोन-तीन आहेत, रविवारी मुलाबरोबर पाठवतो. फक्त खिडकीत टांगू नका, उन्हानं रेघा उडतात. आणि गुंडाळी करताना रेघांची बाजू बाहेर ठेवा, म्हणजे टेबलावर नीट पसरते.