एन-९५ घालूनही चष्म्यावर वाफ: मास्क गळतोय का?

रातपाळी (९ नोव्हेंबर २०२०)

मी विदर्भातल्या एका सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे, जूनपासून कोविड वॉर्डात. आम्हाला मिळणारा एन-९५ कानात अडकवायचा असतो आणि एकच मास्क पाच ड्युट्या पुरवायचा. मला चष्मा आहे. दहा मिनिटांत काचा धुरकट होतात, त्यावर गॉगल, मग शीर दिसत नाही. परवा एका आजोबांना सलाइन लावताना दोनदा टोचावं लागलं. ते "लाव माय, लाव" एवढंच म्हणाले. बाथरूममध्ये जाऊन रडले मी.

इन्चार्ज म्हणतात, वाफ सगळ्यांनाच येते. पण घरी सासूबाईंना दमा आहे, मुलगी चार वर्षांची आहे. मी पडवीत झोपते. वाफ येते म्हणजे हवा गळते का? आणि हा मास्क साबणाच्या पाण्यात धुतला तर चालेल का? एक मैत्रीण रोज सॅनिटायझर फवारते.

टीबीवॉर्डवाली

अगं, गळतेच. श्वास नाकाच्या कडेने वर जातो म्हणून काच धुरकट होते, आणि ज्या फटीतून तो बाहेर जातो तिथूनच वॉर्डातली हवा आत येते. एन-९५ हा ०.३ मायक्रॉनचे, म्हणजे अतिबारीक, निदान ९५ टक्के कण अडवतो, ही परीक्षा मास्कच्या कापडाची आहे. तुझ्या चेहऱ्यावर तो कसा बसलाय हे त्यात कुणी बघितलेलं नसतं. मी एकोणीस वर्षं टीबीच्या पेशंटमध्ये काढली, नव्या मुलींना पहिल्या दिवशी हेच सांगते.

धुऊ नकोस, आणि मैत्रिणीलाही आजच थांबव. मधल्या थराच्या धाग्यांवर स्थिर विजेचा भार असतो, बारीक कण त्यानेच ओढून धरले जातात. साबणाने, सॅनिटायझरमधल्या स्पिरिटने तो भार जातो. मास्क दिसतो तसाच, पण काम करत नाही.

पाच मास्क एकदम मागून घे. प्रत्येकाला वेगळी कागदी पिशवी, वर नाव नि तारीख. प्लास्टिकची नको, ओल राहते. आज वापरलेला सहाव्या दिवशी काढायचा. ओला झाला, रक्त उडालं, पट्टी सैल पडली, की टाकून द्यायचा.

घालताना नाकावरची पट्टी एका हाताच्या चिमटीने दाबू नकोस, मधेच टोक निघतं. दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेर दाबत ये. मग दोन्ही तळहात मास्कवर ठेवून जोरात श्वास सोड: डोळ्यांकडे, गालांवर, हनुवटीखाली हवा लागता कामा नये. श्वास आत घेतला की मास्क थोडा आत ओढला गेला पाहिजे. नुसता चष्मा स्वच्छ राहिला म्हणून समाधान मानू नकोस, खालून फट असू शकते.

भूलतज्ज्ञ_पुणे

ताईंनी सांगितलेलं दर वेळी करा. मी त्यात भर घालतो ती पट्ट्यांची. कानाच्या दोऱ्या चेहऱ्यावर पुरेसा दाब देत नाहीत. दोन पट्ट्यांचा मास्क मागा, एक पट्टी डोक्याच्या वर, दुसरी कानांखालून मानेवर. आमच्याकडे सॅकरिनची चाचणी केली: डोक्यावर टोपडं घालून आत गोड फवारा मारतात, चव लागली तर मास्क नापास. मी तीन प्रकार घालून पाहिले, माझ्या अरुंद चेहऱ्याला एकच बसला. दाढीमुळे फट राहते, म्हणून ती त्याच दिवशी काढली.

झडपेचा मास्क मिळाला तर परत करा. तुमचा श्वास न गाळता पेशंटवर जातो. जुलैत केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना तसं पत्रही पाठवलंय. महाग पडतं असं स्टोअरने म्हटलं, तर राज्य सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये एन-९५ चे दर प्रकारानुसार १९ ते ४९ रुपयांत बांधले, तो आदेश दाखवा. सक्शन (घशातला कफ ओढून काढणं), इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं) करणाऱ्या माणसाला मास्कसाठी विनवण्या कराव्या लागू नयेत.

रातपाळी (१३ नोव्हेंबर)

दोघांचंही लिहिलेलं इन्चार्जना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतः तळहात ठेवून पाहिलं आणि गप्प झाल्या. इंडेंटवर (मागणीपत्रावर) सही मिळाली. सध्या दोन पट्ट्यांचे तीनच आलेत, ते आम्ही सक्शनवाल्यांना ठेवलेत. काल रात्री काच शेवटपर्यंत स्वच्छ होती. पण नाकाच्या हाडावर वळ उठून कातडी सोलली आहे. खाली गॉझ ठेवू का?

टीबीवॉर्डवाली

गॉझ नको, तिथेच फट पडेल. घरी गेल्यावर व्हॅसलीन लाव, ड्युटीआधी तोंड धुऊन कोरडं कर. आणि तीनाचे पाच होईपर्यंत स्टोअरला रोज विचार.