सोलापुरात केसांसाठी भरवशाचं माणूस कशावरून ओळखायचं?

शेंगाचटणी
मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीनं लग्नाआधी म्हणून स्मूदनिंग, म्हणजे केमिकलनं केस सरळ करायचं काम, करून घेतलं. पार्लर चांगलं मोठं, एसीवालं, भिंतीवर चार सर्टिफिकेटं, मोबाईलवर रेटिंग पण भरपूर. आधी तीन वर्षं ती केसांना काळी मेहंदी लावायची, हे कुणी विचारलंच नाही, आली की बसवली, क्रीम लावलं, प्रेस मारली, पैसे घेतले. पंधरा दिवसांत केस मधूनच तुटायला लागले, अंघोळीनंतर टॉवेलवर नुसते तुकडे, आई बघून रडली. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात म्हणजे खांद्यापासून कमरेपर्यंत यायला तीनेक वर्षं तरी गेली, आणि लग्न दोन महिन्यांवर.
माझं मत आता पक्कं झालंय. केसाला हात लावायच्या आधी जो माणूस पाच मिनिटं प्रश्न विचारत नाही त्याच्याकडे जायचं नाही, रेटिंग, एसी, सर्टिफिकेट काही का असेना. तुम्हाला काय वाटतं?

पार्कचौक_कट्टा
ताई वाईट झालं, पण मत पटलं नाही. प्रश्न काय कुणीही विचारतो. भरवसा वर्षांनी येतो. नवी पेठेतल्या एकाच दुकानात मी पंचवीस वर्षं जातो, आधी वडील जायचे, आता पोरगं जातं. माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत, त्याला सांगावं लागत नाही, मशीन कुठं थांबवायची ते त्याच्या हाताला माहीत आहे. ब्लेड माझ्यासमोर नवीन फोडतो, टॉवेल धुतलेला, आणि दाढी झाली की मान कडकन मोडून देतो, दिवसभराचा शीण जातो बघा. गड्ड्याच्या यात्रेत दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा पण घाई करत नाही. असा माणूस सापडला की बदलायचा नाही, एवढंच.

पूर्वभाग_सून
दादा, कटिंग आणि केमिकल यात लई फरक आहे हो. चुकलेली कटिंग महिन्याभरात वाढून निघते, केमिकल केसाच्या आत जातं. आमच्या गल्लीतल्या ताईंकडे मी पण लग्न होऊन आल्यापासून जात होते, आयब्रो, ट्रिमिंग सगळं उत्तम, बाई सोन्यासारखी. मग त्यांनी केराटिन, म्हणजे क्रीम लावून प्रेसनं केस सरळ-मऊ करायचं, सुरू केलं. लेबल नसलेला पांढरा कॅन, कुठून आणला विचारलं तर "पुण्याचा माल आहे" म्हणाल्या. प्रेस लावली तसा धूर झाला आणि माझे डोळे असे झोंबले की बाहेर ओट्यावर येऊन बसले. तो फॉर्मल्डिहाइड असणार असं मला नंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच त्याला माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. आणि डब्यावर "फॉर्मल्डिहाइड फ्री" लिहिलं म्हणून निवांत राहू नका, बऱ्याच डब्यांत ग्लायॉक्सिलिक अॅसिड असतं, ते प्रेसनं तापलं की त्यातून पण तोच वायू निघतो. २०२४ मध्ये डॉक्टरांच्या एका नामांकित नियतकालिकात २६ वर्षांच्या एका बाईची केस आली होती, तीन वेळा हे अॅसिड असलेलं स्ट्रेटनिंग केलं आणि तिन्ही वेळा किडनीला इजा झाली.
म्हणून मी मोठ्या सलूनमध्ये जाते. पैसे जास्त जातात, पण सील माझ्यासमोर तोडतात, मागचं छापलेलं वाचता येतं. ओळखीच्या माणसाला बाटली दाखवा म्हणायला तोंडच उघडत नाही आपलं.

कात्री_आणि_कंगवा
चौदा वर्षं हेच काम करते, जुळे सोलापुरात छोटं पार्लर आहे. आयटीआयला एक वर्षाचा ट्रेड केला, बाकी हात बसला तो उभं राहून. आता खरं बोलते, रागावू नका. गिऱ्हाईक लपवतं. मी विचारते मेहंदी लावता का, उत्तर नाही. कलर केलाय का, नाही. केस हातात घेतला की कळतं, मुळाशी काळाभोर कोरडा थर, ओला केला तरी पाणी लवकर पीत नाही. मग म्हणतात हो, दिवाळीला थोडी लावली होती.
पॅच टेस्टसाठी, म्हणजे कलरची अॅलर्जी आहे का बघायला, कानामागं थोडा कलर लावून ४८ तास थांबायचं असतं, आणि बायका हळदीच्या आदल्या संध्याकाळी येतात, "आत्ताच करा, उद्या पाहुणे आहेत". नाही म्हटलं की शेजारच्या गल्लीत जातात आणि तिथं करून घेतात. वरून आपल्याकडं नळाला रोज पाणी नाही, लोक बोअरवर भागवतात, त्या जड पाण्यातला क्षार केसावर बसतो आणि रंग कुठं धरतो कुठं धरत नाही, त्याचा दोष पण आमच्याच माथी. सगळी चूक स्टायलिस्टची म्हणणं मला मान्य नाही.

शेंगाचटणी
तुमचा त्रास समजला, पण इथंच अडतंय. माझ्या बहिणीनं लपवलं नाही, तिला विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तरी ती काय सांगणार, तिच्या मते मेहंदी म्हणजे झाडाचा पाला. पाकिटावर पानाचं चित्र आणि आत पीपीडी म्हणजे हेअर डायमधलं केमिकल, नाहीतर धातूचे क्षार, हे कितीजणींना माहीत आहे? डॉक्टर आपल्याला औषधांची नावं पाठ करून या म्हणतो का, तोच खोदून खोदून विचारतो. शिकलेलं तुम्ही आहात, तर जबाबदारी पण तुमचीच जास्त.

सैफुलचा_रहिवासी
सगळे मुद्द्याला सोडून बोलायलेत. प्रश्न विचारायला वेळ लागतो आणि वेळेला पैसे पडतात. दीडशे रुपयात कट करणारी बाई अर्धा तास चौकशी करत बसली तर तिचं भाडं कोण भरणार? मोठ्या सलूनचं पण ऐका, माझी बायको अशा ठिकाणी दोन वर्षं कामाला होती, महिन्याचं टार्गेट असायचं, ट्रिमिंगला आलेल्या बाईला हेअर स्पा नाहीतर पॅकेज गळ्यात मारल्याशिवाय सोडायचं नाही. सील तोडून दाखवलं म्हणजे ते तुमच्या केसाला गरजेचं होतं असं होत नाही ना.

पूर्वभाग_सून
टार्गेटचं खरं आहे, मला पण दरवेळी काहीतरी चिकटवायला बघतात. पण मी नको म्हणू शकते. डोळ्यात गेलेल्या धुराला नको म्हणता येत नाही.
@पार्कचौक_कट्टा दादा, एक मनापासून सांगते, ते मान मोडून घेणं बंद करा. मानेतून मेंदूला जाणारी रक्तवाहिनी झटक्यानं आतून फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात झालेले पेशंट आहेत. पंचवीस वर्षं काही झालं नाही हा काही पुरावा नाही.

पार्कचौक_कट्टा
हे खरंच माहीत नव्हतं. रविवारी जाईन तेव्हा त्याला पण सांगतो, तो पोराची पण मोडतो मान. माणूस मात्र बदलणार नाही, सांगितलेलं ऐकणारा आहे तो.

कात्री_आणि_कंगवा
@शेंगाचटणी रात्रभर तुमच्या बोलण्याचा विचार केला. मी "मेहंदी लावता का" एवढंच विचारते, "पाकीट कोणतं" हे विचारत नाही. ते विचारायला पाहिजे, मान्य. धातूचा क्षार असलेल्या केसावर स्मूदनिंगचं न्यूट्रलायझर, म्हणजे शेवटी सरळ केस पक्का करायला लावतात ते, लागलं, की त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतो, केस अक्षरशः गरम होतो आणि तुटतो. आधी चार केस कापून पेरॉक्साइड आणि दोन थेंब अमोनियात अर्धा तास बुडवून ठेवले तर फेस येतो नाहीतर रंग बदलतो, तिथंच समजतं. शंका आली की मी हे करते, सगळ्यांना करत नाही. पण घाई करणाऱ्या गिऱ्हाईकाबद्दल बोलले ते मागं घेत नाही.
बहिणीला आता काय करू नका ते सांगते. दुरुस्ती म्हणून परत केराटिन नको, कलर नको, प्रेस नको, बोअरचं पाणी शेवटच्या धुण्याला तरी नको, पिंपातलं नळाचं राखून ठेवा. तुटलेली टोकं दोन बोटं कापावी लागतील.

शेंगाचटणी
आणि लग्नातला अंबाडा? ती त्याच्यावरूनच रडतेय.

कात्री_आणि_कंगवा
गंगावन लावून होतो, वरून मोगऱ्याचा गजरा, कुणाला कळणार नाही. गुरुवारी दुपारी घेऊन या, गर्दी नसते. येताना ते मेहंदीचं पाकीट घरात शिल्लक असेल तर आणा, मागं काय छापलंय ते आधी वाचू.